गाण्याच्या कागदाला गिऱ्हाईक

सुरतेत ज्याला दलाल नाही असा माल मुद्दाम शोधावा लागतो. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात उभ्या स्कूटरच्या सीटवर कागदाची पुडी उलगडली जाते आणि लाखांचा सौदा तिथल्या तिथे ठरतो. रिंगरोडच्या कापड मार्केटात आडतियाच्या शब्दावर गाठी परप्रांतात रवाना होतात. जुन्या जरीच्या साड्या घेणारे गल्लीत हाळी देत फिरतात. साडी जाळायची आणि चांदी काढून घ्यायची, एवढाच त्यांचा हिशोब. पण छापील गाण्यांची एक पेटी या शहरात गिऱ्हाइकाची वाट पाहत पडली आहे आणि तिचा भाव सांगायला कोणी पुढे येत नाही.

पेटी उधन्यातल्या एका खानदेशी घरातली. घरधनी कापड मार्केटात मेताजी, म्हणजे हिशोबनीस, आहेत. त्यांचे आजोबा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये होते. पगाराच्या दिवशी घरी तेल-मीठ आलं नाही तरी चालेल, पण यात्रेतून नवी गाण्याची चोपडी आल्याशिवाय राहायची नाही, अशी त्यांची ख्याती. पोवाडे, लावण्या, वगातली पदं, सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांची गाणी, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळची कवनं अशा आठ-सोळा पानी चोपड्यांनी पेटी भरली आहे. २००६च्या ऑगस्टात उकाई धरणाचं पाणी सोडलं आणि तापी शहरभर पसरली, तेव्हा पेटी अमळनेरलाच होती म्हणून राहिली. सुरतेत त्या आठवड्यात किती घरांतला कागद लगदा झाला त्याची गणती नाही.

"दादा, पस्तीत कधीच दिली असती, पण अक्षर आजोबांचं आहे," मेताजी म्हणाले. मुलीच्या कॉलेजची फी भरायची आहे, त्यामुळे फुकट द्यायचंही मन नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी सरळ सांगितल्या, हे मला आवडलं.

चोपड्या हातात घेतल्या की त्यांची घडण कळते. गुलाबी किंवा हिरव्या पातळ कागदाचं वेष्टन, मधोमध एक गंजलेली टाचणी आणि तिच्याभोवती कागदाला पडलेला तपकिरी डाग. पहिल्या पानावर शाहिराचं नाव ठसठशीत, छापखान्याचं त्याहून बारीक. जुन्या चोपड्यांवर १८६७च्या पंचविसाव्या आक्टाप्रमाणे नोंद केल्याची ओळ असते. आत प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्या, सगळ्यांना ठाऊक असलेल्या गाण्याचं नाव. नोटेशनची गरजच नाही. घेणाऱ्याला चाल पाठ आहे हे छापणाऱ्याने गृहीत धरलेलं. समासात आजोबांची पेन्सिल: सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा, अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा, साल, दिलेले पैसे, आणि कुठे कुठे 'फडात म्हटले तेव्हा हे कडवे गाळले' असा शेरा.

या पेटीचा खरा माल कोणता असेल तर हा शेरा. छापील चोपडी आणखी कुठेतरी सापडेल. कोणत्या वर्षी, कोणत्या यात्रेत, काय विकलं गेलं आणि गाताना काय गाळलं गेलं, हे एकाच माणसाने सलग टिपून ठेवलेलं मात्र दुसरीकडे मिळणार नाही. त्यामुळे ज्याला पेटी सबंध हवी आहे तोच तिचं गिऱ्हाईक. सुट्या चोपड्या उचलणारा कितीही पैसे देवो, तो पेटी घेत नाही, मोडतो.

ज्या देशात असल्या कागदाचा बाजार चांगला जमला आहे तो आयर्लंड. एकोणिसाव्या शतकात डब्लिनचा ब्रेरेटन, कॉर्कचा हेली असे छापणारे एकपानी गाणी काढत. कागद सगळ्यात स्वस्तातला, एका बाजूला छापलेला. वर एखादं लाकडी ठशाचं चित्र, ज्याचा गाण्याशी संबंध असेलच असं नाही. बुडालेल्या जहाजाच्या गाण्यावर जे गलबत तेच अमेरिकेला निघालेल्या पोराच्या गाण्यावर. गाणारा छापखान्यातून गठ्ठा उचलायचा, जत्रेत उभा राहून मोठ्याने गायचा आणि पेनी-अर्ध्या पेनीला कागद विकायचा. डब्लिनच्या रस्त्यांवर झोझिमस नावाने ओळखला जाणारा आंधळा मायकेल मोरन १८४६ साली वारला. त्याच्या जातीचे गायक आपल्याकडे डफ-तुणतुणं घेऊन फिरत होते.

नोव्हेंबर १८६७मध्ये मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डला तीन आयरिश क्रांतिकारकांना फाशी झाली आणि त्यांच्यावरच्या गाण्यांचे कागद बाजारात धो धो आले. त्याच वर्षी इकडे पंचविसाव्या आक्टाने छापखान्यांना प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात भरायला लावल्या. कायद्यामागचा एक हेतू पाळत ठेवण्याचा होता. पण त्याच कायद्याने मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांच्या तिमाही याद्या निघाल्या, निवडक प्रती लंडनला गेल्या, आणि आपल्या कित्येक चोपड्या आपल्या घरात नाहीत तरी ब्रिटिश लायब्ररीच्या कपाटात आहेत. सरकारच्या संशयाने जेवढं वाचवलं तेवढं आपल्या कौतुकाने वाचवलं नाही, असं म्हणायची पाळी येते.

आयरिश कागद कोणी जपले? ज्यांनी ते उचलले त्यांना बहुतेक वेळा पुढे विकायचे नव्हते. ब्रिटिश म्युझियममध्ये हस्तलिखितांचा अधिकारी असलेल्या सर फ्रेडरिक मॅडनने इंग्लंड-आयर्लंडचे सुमारे तीस हजार कागद गोळा केले. ते आज केंब्रिजच्या विद्यापीठात आहेत. डब्लिनच्या कॉल्म ओ लॉखलनने १९२६मध्ये स्वतःचा छापखाना काढला आणि १९३९मध्ये रस्त्यावरच्या गाण्यांचं पुस्तक केलं. माणूस स्वतः छापणारा असल्यामुळे जुन्या छापणाऱ्यांच्या खोड्या त्याला कळत. १९८७पासून डब्लिनला आयरिश पारंपरिक संगीताचं स्वतंत्र संग्रहालय आहे. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाने आपल्याकडचे हजारो कागद संगणकावर खुले केले आहेत. त्यामुळे आज आयर्लंडमध्ये कोणाच्या माळ्यावर असा गठ्ठा निघाला, तर लिलावघरं आहेत, जुन्या पुस्तकांचे व्यापारी आहेत, आणि मुख्य म्हणजे ताडून पाहायला याद्या आहेत. बहुतेक कागदांवर साल नसतं. पण छापणाऱ्याने दुकान हलवलं की पत्ता बदलतो, आणि पत्त्यावरून साल काढता येतं. छापखान्याचं नाव कापलेला कागद म्हणूनच पडेल भावात जातो.

आयर्लंड इथे मी लांबून ओढून आणलेलं नाही. सुरतेत ते दीडशे वर्षांहून अधिक काळ बसलेलं आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फायवी १८१५च्या सुमारास इथे आले, त्यांनी छापखाना घातला आणि १८२०च्या आसपास गुजराती बायबल छापायला घेतलं. १८४०च्या दशकात हे ठाणं आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. इथल्या आय. पी. मिशन शाळेतला 'आय' तो आयर्लंडचाच. सुरतेतल्या जुन्या माणसांनाही हे सांगावं लागतं. या मिशनच्या छापखान्यात टेलर पाद्र्याचं गुजराती व्याकरण छापलं गेलं आणि गुजराती ढंगात रचलेली भजनं निघाली. बेलफास्टकडचे हे पाद्री सामगीतं म्हणणारे. दारूच्या गुत्त्यावरची गाणी त्यांच्या ट्रंकेत असणं अवघड. त्यामुळे सुरतेत आयरिश रस्त्यावरच्या गाण्यांचा गठ्ठा सापडायचा तर तो पाद्र्यापेक्षा शिपायाकडचा असेल. कंपनीची जुनी मुंबई युरोपियन पलटण पुढे बॉम्बे फ्युजिलिअर्स झाली आणि १८८१मध्ये ती रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्समध्ये मिसळली. आपल्या मुंबईची पलटण अशी नावाने डब्लिनची झाली.

छापखान्याच्या बाबतीत सुरतेचा मान तर त्याहून जुना आहे, आणि तो एका दलालाचा आहे. इंग्रज कंपनीचा दलाल भीमजी पारेख याने १६७०च्या दशकात कंपनीकडे छापणारा माणूस मागितला. त्याला आपल्याकडचे जुने धर्मग्रंथ छापायचे होते. १६७४मध्ये हेन्री हिल्स नावाचा माणूस आला. इंग्रजी त्याला छापता येई, पण इथल्या लिपीचे ठसे पाडणं त्याला जमेना. भीमजीचा पैसा वाया गेला. शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली ती १६७०च्या ऑक्टोबरात. म्हणजे त्या लुटीच्या धुरळ्यातच हा व्यापारी छापखान्याचा विचार करत होता. आपण सुरत म्हटली की लुटीवर थांबतो. पुढे याच शहरातल्या कवी नर्मदने नागर बायकांत गायली जाणारी गीतं १८७० साली पुस्तक करून काढली. १८८८च्या नोव्हेंबरात 'वैतरणा' आगबोट, लोकांच्या तोंडची 'वीजळी', काठेवाडच्या किनाऱ्यावर सातशेहून अधिक माणसांसकट बुडाली, तेव्हा 'वीजळी विलाप' नावाने गीतांच्या चोपड्या निघाल्या. बातमी, शोक आणि विक्री एकाच कागदावर: आयरिश छापणाऱ्याला हे लगेच उमगलं असतं.

डब्लिनहून इकडे आलेल्या आणखी एका माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन. डब्लिनजवळ १८५१ साली जन्म, घराणं राजमान्य छापखानेवाल्यांचं. सनदी नोकरीत बिहारात आला, लोकगीतं टिपली, आणि मग भारतातल्या भाषांची पाहणी केली. तिचा मराठीचा खंड १९०५चा. खानदेशी, म्हणजे अहिराणी, भिली भाषांबरोबर १९०७च्या खंडात आहे. आज लिंबायत, उधना, डिंडोलीत रिक्षा थांबवली तर अर्ध्या वेळा ती अहिराणी कानावर पडते. उधन्यातल्या पेटीतही चार-दोन चोपड्या अहिराणीच्या आहेत. मेताजींना त्या सर्वांत कमी मोलाच्या वाटत होत्या. मी त्या वेगळ्या काढायला लावल्या, कारण छापील अहिराणी हा प्रकारच मुळात थोडा.

मराठी पोवाड्याला पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते मुंबईच्या म्युनिसिपल कमिशनरच्या रूपाने. हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ. वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला आजही त्याचं नाव आहे. त्याने शंकर तुकाराम शाळिग्रामांच्या मदतीने गोंधळ्यांकडून पोवाडे लिहून घेतले आणि १८९१मध्ये ते छापले; १८९४मध्ये काहींचे इंग्रजी पद्यानुवाद केले. शाळिग्राम त्याआधी 'काव्येतिहाससंग्रह' मासिकात काम केलेले, लावण्या-पोवाड्यांत मुरलेले. नाव साहेबाचं पुढे येतं. जाणकारी शाळिग्रामांची होती, असा माझा कयास आहे. १९२८ला यशवंत नरसिंह केळकरांचे 'ऐतिहासिक पोवाडे' आले. या दोन्ही संग्रहांनी पोवाडा विद्वानांच्या टेबलावर नेला. पण त्यांनी ऐतिहासिक तेवढं उचललं. यात्रेत विकली जाणारी, पूर आणि प्लेग आणि खुनाखटल्याची, नवऱ्याची टिंगल करणारी चोपडी या चाळणीतून खाली पडली. जोतीराव फुल्यांनी १८६९मध्ये शिवाजी महाराजांवरचा पवाडा छापला, तो 'ऐतिहासिक' म्हणून सर्वमान्य व्हायलाही किती काळ गेला हे आपण जाणतो.

गाण्याच्या चोपडीची किंमत सरकारने एकदा अगदी अचूक लावली होती. नाशिकच्या बाबाराव सावरकरांनी 'लघु अभिनव भारतमाला' या नावाने गाणी छापली म्हणून जून १९०९मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. खटला पुढे पाठवणारा कलेक्टर जॅक्सन. डिसेंबरात अनंत कान्हेरेंनी त्याला नाशिकच्या नाट्यगृहात गोळी घातली. हा जॅक्सन संस्कृत जाणणारा होता, आणि त्याने जमवलेल्या गुजरात व कोकणातल्या लोकसमजुतींच्या टिपणांवरून सनदी अधिकारी एन्थोव्हेनने पुढे १९१४-१५मध्ये दोन खंड केले. लोकांच्या आजीबाईच्या गोष्टी टिपायच्या आणि लोकांचं गाणं तुरुंगात टाकायचं, ही एकाच टेबलावरची दोन कामं होती.

बाजार आज मेला आहे असं मात्र समजू नये. सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर किंवा दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जा. पदपथावर भीमगीतांच्या चोपड्यांचे ढीग असतात. वामनदादा कर्डकांची गाणी लोकांकडे पोचली ती कॅसेटबरोबर याच कागदांवरून. हे कागद आज दहा-वीस रुपयांना मिळतात म्हणून कोणी ठेवत नाही. साठ वर्षांनी त्यांच्यासाठी धावाधाव होईल.

आता पेटीच्या भावाकडे. पस्तीवाला किलोवर घेईल. मुंबईच्या एका व्यापाऱ्याला फोन केला तर त्याने आधी विचारलं, कव्हरवर चित्र आहे का? बाई नाचतेय असं चित्र असेल तर तेवढ्या चोपड्या लगेच घेतो. फ्रेम करून हॉटेलात लावायला म्हणे बरे दिसतात. माणूस प्रामाणिक होता, भावही पडेल नव्हता. पण चित्रवाल्या चोपड्या काढल्या की उरतात त्या उघड्या मजकुराच्या, आणि आजोबांचे शेरे बहुतेक त्यांच्यावरच आहेत. मेताजींनी ही गोष्ट माझ्याआधी ओळखली. हिऱ्याच्या पुडीत मोठा खडा वेगळा काढला की उरलेल्या पुडीला कोणी विचारत नाही, हे सुरतेतल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

परदेशी गिऱ्हाइकाचा मोह होतो. लंडन-शिकागोच्या ग्रंथालयांना असा संग्रह हवा असू शकतो. पण १९७२चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक मोलाची वस्तू, आणि हस्तलिखित किंवा दस्तऐवज असेल तर पंचाहत्तर वर्षांवरची, ही पुरावस्तू ठरू शकते. ती देशाबाहेर खासगी माणसाला पाठवता येत नाही, आणि देशात तिचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. आपल्या पेटीत शंभरीच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन्ही प्रकारच्या चोपड्या आहेत. एखादी वस्तू पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व खात्याकडून घेता येतो, पण ती कटकट सुट्या हिशोबाने करायची म्हणजे पुन्हा पेटी फोडायची. माझं मत, हा रस्ता सोडून द्यावा. ज्यांना हवं त्यांना स्कॅन पाठवता येतील. तेही सरसकट नाही: कागद मेताजींचा असला तरी गाणं शाहिराचं, आणि आपल्या कायद्यात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. १८९०च्या लावणीला अडचण नसावी. १९६०च्या चोपडीला वारस असू शकतात.

मग राहतात संस्था. भूगोलाने जवळचं मराठी ठिकाण धुळे. सुरत-धुळे महामार्गाच्या टोकाला इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळ आहे. राजवाडे १९२६च्या अखेरीला वारले आणि १९२७मध्ये ते उभं राहिलं. खानदेशची पेटी खानदेशात गेली तर तिच्या यात्रांची नावं ओळखणारी माणसंही तिथेच भेटतील. पुण्यात १९१०पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मुंबईत १८९८चं मराठी ग्रंथसंग्रहालय. बडोदं तर सुरतेहून सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परतता येईल असं. सयाजीरावांनी घडवलेल्या तिथल्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठीचं मोठं दालन आहे. सुरतेचं १८५०चं अँड्र्यूज ग्रंथालय घरच्या अंगणात आहे, पण इथल्या मराठी पेटीला तिथे वाचक किती मिळणार, हा प्रश्न उरतोच.

संस्थांकडे जागा असते, आस्था असते, पैसा नसतो. 'दान करा, नाव लागेल' असं सांगणाऱ्यांची कमी नाही. त्यांतल्या कोणाच्या मुलीची फी थकलेली नसते. माझ्या मते मेताजींनी फुकट देऊ नये. थोडी का होईना रक्कम घ्यावी, आणि तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात: संग्रह एकत्र राहील, आजोबांच्या नावाने राहील, आणि स्कॅनची एक प्रत घरी येईल. एखाद्या स्थानिक उद्योजकाने पैसे देऊन पेटी संस्थेला मिळवून दिली तर सोन्याहून पिवळं. सुरतेत लग्नाच्या मांडवावर जेवढा खर्च होतो त्याच्या कोपऱ्यात हे भागेल.

विकण्याआधी यादी. हे काम कोणी दलाल करणार नाही, आणि त्याशिवाय कोणी भावही करणार नाही. मेताजींची मुलगी रविवारी बसते: शाहीर, छापखाना, गाव, साल असेल तर साल, पानं, चाल, आणि आजोबांचा शेरा जसाच्या तसा. गंजलेल्या टाचण्या काढून सुती दोरा घालायचा, चिकटपट्टी लावायची नाही, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचं नाही, एवढं तिला सांगितलं आहे. ती स्वतः कॉमर्सची. यादी एक्सेलमध्ये करते आणि बाप हिशोब तपासावा तशी तपासतो. एका संस्थेला अर्धी यादी पाठवली. उत्तरात किमतीचा शब्द नाही, पण प्रश्न आला: छापखान्यांची नावं इतकी वेगवेगळी कशी, त्यांतली जळगाव-धुळ्याची किती? ते आता मोजायला घेतलं आहे.